क्रियापदाचे लेणे

माणसाच्या अंगावर जे जे काही चढते, त्या सर्वांसाठी इंग्रजी भाषा बहुधा एकाच क्रियापदावर भागवते. ते क्रियापद म्हणजे ‘वेअर’. अंगात सदरा असो, पायात जोडा असो, डोक्यावर टोपी असो, नाकावर चष्मा असो, की बोटात अंगठी असो, इंग्रज मनुष्य ते सर्व ‘वेअर’ करतो. अत्तर, दाढी आणि चेहऱ्यावरचे हसूदेखील त्याच्या भाषेत याच क्रियापदाच्या वाट्याला येते. एका शब्दाने इतकी कामे व्हावीत, ही सोय मोठीच म्हटली पाहिजे.

मराठीचा संसार मात्र असा एका भांड्यात मावणारा नाही. मराठी स्त्री साडी नेसते, चोळी घालते, डोईवर पदर घेते, कपाळाला कुंकू लावते, केसांत गजरा माळते आणि थंडी पडली म्हणजे शाल पांघरते. कासार तिच्या हातांत बांगड्या भरतो. पुरुष धोतर नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो. लढाईवर निघालेला वीर चिलखत चढवतो. ‘त्याने फेटा नेसला’ किंवा ‘तिने गजरा पांघरला’ असे कोणी म्हणाले, तर पाच वर्षांचे मूलही खुदकन हसेल. त्या मुलाला हा भेद कोणी शिकवलेला नसतो. तो त्याने आईच्या बोलण्यातून, दुधातून साखर यावी तसा, नकळत घेतलेला असतो.

ज्या भाषेत आपण वाढलो तिची श्रीमंती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येण्यासाठी कधी कधी फार दूरच्या भाषेच्या दाराशी जावे लागते. खानदेशातील काही माणसांना ते दार जपानी भाषेने उघडून दिले आहे.

याला कारण अजिंठा. अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी रेल्वेने येणारा प्रवासी बहुधा जळगावला उतरतो आणि तेथून सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता तुडवून वाघूर नदीच्या त्या नालाकृती दरीत पोहोचतो. या प्रवाशांत जपानमधून येणारे पाहुणेही असतात. त्यांच्या देशात बौद्ध धर्म सहाव्या शतकात पोहोचला. त्यांच्या नारा प्रांतातील होर्यूजी मंदिरात जी प्राचीन भित्तिचित्रे होती, त्यांची तुलना जाणकार अजिंठ्याच्या चित्रांशी करीत आले आहेत. १९४९ च्या जानेवारीत तेथे आग लागली आणि त्या चित्रांची भयंकर हानी झाली. आपल्या घरची चित्रे अशी करपलेली पाहिलेला पाहुणा अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा राहतो, तेव्हा तो केवळ करमणुकीसाठी आलेला नसतो. त्याला जे सांगायचे ते नीट सांगितले पाहिजे. म्हणूनच येथील काही मार्गदर्शकांनी जपानी भाषा परिश्रमाने आत्मसात केली आहे.

असा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. धुळे जिल्ह्यातील लहानशा गावी त्याचे घर आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, महाविद्यालयात इंग्रजी, आणि आता पोटासाठी व हौसेसाठी जपानी, अशी त्याची भाषायात्रा झाली आहे. जपानी भाषेचे पुस्तक त्याला मिळते ते इंग्रजीतून लिहिलेले. ‘वेअर’ या शब्दापुढे तो एक जपानी क्रियापद शोधू जातो, तो तेथे एक सोडून सहासात क्रियापदे रांगेने उभी! त्यांपैकी कोणते उचलावे, हे त्याला कळेनासे होते.

ती रांग अशी. सदरा, कोट, किमोनो अशी जी वस्त्रे खांद्यांवरून अंगात येतात, त्यांच्यासाठी ‘किरु’ हे क्रियापद आहे. विजार, मोजे, जोडे अशा ज्या वस्तू पायांतून वर चढतात, त्यांच्यासाठी ‘हाकु’. टोपी डोक्यावर येते, म्हणून तिच्यासाठी ‘काबुरु’. हेच ‘काबुरु’ डोक्यावरून पांघरूण ओढून घेताना किंवा डोक्यावर पाणी ओतून घेताना वापरतात. चष्म्यासाठी ‘काकेरु’. या शब्दाचा मूळ अर्थ टांगणे किंवा अडकवणे, आणि चष्मा तर कानांवर अडकवलेलाच असतो. अंगठी व हातमोजे यांसाठी ‘हामेरु’, म्हणजे नेमक्या जागी बसवणे. गळपट्टा किंवा किमोनोवरचा कमरपट्टा यांसाठी ‘शिमेरु’, म्हणजे आवळणे. कानातले डूल, छातीवरचे पदक किंवा अत्तर यांसाठी ‘त्सुकेरु’, म्हणजे लावणे, जोडणे. शिवाय जे वस्त्र गुंडाळावे लागते, त्यासाठी ‘माकु’ हे आणखी एक क्रियापद आहेच.

एवढ्यावरही विद्यार्थ्याची सुटका होत नाही. ‘किरु’ या उच्चाराचा दुसराही एक शब्द जपानीत आहे आणि त्याचा अर्थ कापणे असा आहे. लिहिताना दोहोंची चिन्हे निराळी असतात. बोलताना कापण्याच्या ‘किरु’मध्ये पहिल्या अक्षरावर स्वर चढतो, तर वस्त्राच्या ‘किरु’मध्ये तसा चढत नाही. ‘हाकु’ या उच्चाराचाही झाडणे असा आणखी एक अर्थ आहे. कान सावध नसेल, तर सदरा अंगात घालण्याऐवजी कात्रीखाली जायचा!

तरुण काही दिवस ही यादी घोकतो. परंतु घोकलेली यादी ऐन वेळी दगा देते. मग एके दिवशी त्याच्या ध्यानात येते की, ज्या गोष्टीचा आपण बाऊ करीत आहोत, ती आपल्या घरात रोज घडत आहे. त्याची आजी अक्षरशत्रू. परंतु नेसणे, घालणे, बांधणे, लावणे, माळणे आणि पांघरणे यांत तिची आजवर कधी गल्लत झालेली नाही. वस्तू बदलली की क्रियापद बदलते, ही जपानी भाषेची तऱ्हा इंग्रजीच्या खिडकीतून पाहिली तर विचित्र दिसते. मराठीच्या ओसरीवरून पाहिली तर ओळखीची वाटते. तिसऱ्या भाषेच्या आडवळणाने जाण्यात त्याने उगाच पायपीट केली होती.

वाक्यरचनेतही त्याला हाच अनुभव येतो. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये येते. जपानीत ते मराठीप्रमाणे शेवटी येते, आणि शब्दांचे परस्परसंबंध दाखवणारे प्रत्ययही मराठीप्रमाणेच नामाच्या मागून लागतात. ‘ती साडी नेसते आहे’ आणि ‘ती साडी नेसली आहे’ या दोन वाक्यांतील भेद मराठी मुलाला सांगावा लागत नाही. पहिल्यात निऱ्या अजून हातात आहेत, दुसऱ्यात त्या खोचून झाल्या आहेत. जपानीतील ‘किते इरु’ हे रूप बहुधा या दुसऱ्या वाक्यासारखे असते. ते पूर्ण होऊन टिकलेली स्थिती सांगते. आपली भाषा नीट जाणणाऱ्याला परकी भाषा अशी अर्ध्या वाटेवर भेटायला येते.

तथापि अर्ध्या वाटेवरच, हे विसरून चालत नाही. मराठीला भेद करण्याची सवय आहे आणि जपानीलाही आहे. पण दोघींच्या भेदांच्या रेषा एकाच जागी पडत नाहीत. मराठी भाषा पुष्कळदा कृतीकडे पाहते. वस्त्र अंगाभोवती वेढून खोचले, तर ते नेसले; वरून अंगभर घेतले, तर पांघरले; गाठ किंवा पीळ दिला, तर बांधले; शिवलेल्या वस्त्रात अंग शिरले, तर घातले. जपानी भाषा बरेचदा शरीराच्या भागाकडे पाहते. खांदे, पाय की डोके, हा तिचा पहिला प्रश्न असतो. म्हणून मराठीत सदरा, विजार, जोडे आणि टोपी ही सर्व ‘घालतात’. जपानीत त्यांच्यासाठी तीन निरनिराळी क्रियापदे लागतात. याच्या उलट, साडी नेसणे आणि सदरा घालणे या आपल्या दृष्टीने अगदी भिन्न कृती. पण जपानी मनुष्य साडीसाठीही ‘किरु’च म्हणतो. टोपीला ‘काबुरु’ चालते. पण फेटा डोक्यावर असला तरी तो गुंडाळावा लागतो, म्हणून त्याला ‘माकु’ अधिक शोभते. एका भाषेतील शब्द उचलून दुसरीतील शब्दाच्या जागी तसाच बसवता येईल असे समजणारा पावलोपावली ठेचकाळतो. प्रत्येक वेळी वस्तूकडे पुन्हा पाहावे लागते.

उतरवण्याच्या बाबतीत तर दोन्ही भाषांची गंमतच होते. मराठी भाषा चढवताना हात सैल सोडते, पण उतरवताना बहुधा ‘काढणे’ या एकाच शब्दावर भागवते. सदरा काढला, जोडे काढले, चष्मा काढला, अंगठी काढली. जपानीत मात्र येथेही भेद राहतो. वस्त्रे, जोडे आणि टोपी यांसाठी ‘नुगु’. चष्मा, घड्याळ आणि अंगठी यांसाठी ‘हाझुसु’. अजिंठ्यात चित्रे असलेल्या लेण्यांत शिरण्यापूर्वी पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. म्हणून जपानी पाहुण्यांच्या मार्गदर्शकाला एक वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारावे लागते : ‘कुत्सु ओ नुइदे कुदासाई’, म्हणजे ‘कृपया जोडे काढा.’ येथे ‘नुगु’च्या जागी ‘हाझुसु’ आले, तरी पाहुणा अर्थ ओळखील आणि सौजन्याने गप्प राहील. पण त्याच्या कानाला ते, कोणी ‘मी चष्मा नेसलो’ म्हटल्यावर आपल्या कानाला लागते, तसेच लागेल.

आणि मग पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र समोर येते. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी कोण्या अनाम चित्रकाराने काढलेली ती मूर्ती. मस्तकावर उंच रत्नखचित किरीट, गळ्यात मोत्यांची माळ, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र आणि हातात कमळ. इंग्रजीत सांगणारा किरीट, माळ आणि वस्त्र या तिन्हींना ‘वेअर’ म्हणून मोकळा होतो. मराठीत सांगणारा म्हणतो, ‘त्याने किरीट धारण केला आहे, मोत्यांची माळ तो ल्याला आहे आणि वस्त्र नेसला आहे.’ जपानीत सांगणाऱ्याला किरीटासाठी ‘काबुरु’, माळेसाठी ‘त्सुकेरु’ आणि वस्त्रासाठी ‘माकु’ योजावे लागते. तीन क्रियापदे योजावयाची म्हणजे चित्राकडे तीनदा पाहावयाचे. किरीट डोक्यावर कसा बसला आहे, माळ छातीवर कशी रुळते आहे, वस्त्र कमरेभोवती कसे वेढले आहे, हे ज्याने पाहिले नाही, त्याला योग्य क्रियापद सापडणार नाही. अचूक शब्दाची मागणी करणारी भाषा अशा रीतीने माणसाच्या डोळ्यांनाही शिस्त लावते.

येथे मराठीतील एक सुंदर योग आठवतो. ‘लेणे’ म्हणजे डोंगरात कोरलेली गुहा, ‘लेणे’ म्हणजे दागिना आणि ‘लेणे’ म्हणजे तो दागिना अंगावर धारण करणे. गुहेचे ‘लेणे’ फार जुने आहे. पश्चिम भारतातील गुहांच्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ हा शब्द आढळतो. दागिन्याच्या ‘लेण्या’शी त्याचे मूळ एक नसले, तरी मराठी कानाला ते दोन्ही शब्द एकत्र ऐकू येतात, आणि डोंगर जणू लेणे ल्याला आहे असे वाटू लागते. परंतु ‘दागिने लेणे’ हे क्रियापद आज बोलण्यात क्वचितच ऐकू येते. ‘माळणे’ही मागे पडत आहे. ‘साडी घातली’ असे वाक्य तर शहरांतून सर्रास कानी पडते. भांडे फुटले की आवाज होतो, भिंत पडली की धूळ उडते. क्रियापद नाहीसे होते तेव्हा मात्र कोणालाच काही कळत नाही. त्याच्या जागी दुसरे एखादे बोथट क्रियापद येऊन बसते आणि व्यवहार चालू राहतो. केवळ एक भेद पाहण्याची आपली दृष्टी तेवढी गेलेली असते.

भाषेतील हे भेद उगाच पडलेले नसतात. जेथे जीवन बारकाईने पाहते, तेथे भाषाही बारीक होते. खानदेशच्या शेतात उभे राहिले म्हणजे हे पटते. काळ्या जमिनीतील कापूस वेचतात, ज्वारीची कणसे खुडतात, भुईमूग उपटतात, तुरीच्या शेंगा तोडतात, यावल-रावेरकडच्या बागांत केळीचा घड कापतात. इंग्रजीत ‘पिक’ म्हणून यांतील पुष्कळ कामे उरकता येतील. पण कापूस ‘उपटायला’ सांगितलेला मजूर सारे शेत उजाड करील! स्वयंपाकघरातही तेच. भरताची वांगी भाजतात, भाकरी थापतात, शेव तळतात, डाळ शिजवतात, पोहे भिजवतात आणि मिरच्या परततात. जपानी गृहिणीच्या चुलीपाशीही असेच बारीक भेद आहेत. भात शिजवणे म्हणजे ‘ताकु’, भाजी रसात शिजवणे म्हणजे ‘निरु’, नुसत्या पाण्यात उकडणे म्हणजे ‘युदेरु’, वाफेवर शिजवणे म्हणजे ‘मुसु’, विस्तवावर भाजणे म्हणजे ‘याकु’ आणि तळणे म्हणजे ‘आगेरु’. दोन देशांच्या मध्ये समुद्र पसरले आहेत, पण चुलीपाशी बसणारीची नजर सारखीच सूक्ष्म आहे.

या सूक्ष्म नजरेला शाळेची पाटी लागतेच असे नाही. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातील व शेतातील कामे करता करता त्यांनी आपल्या बोलीत ओव्या रचल्या. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. जी बोली शहरात बोलायला लोक संकोचतात, तिच्यात एवढे सामर्थ्य कोठून आले, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. ते सामर्थ्य रोजच्या कामांच्या नेमक्या शब्दांतून आले होते. खानदेशातील मुलाला शाळेत आपली अहिराणी किंवा लेवा बोली बोलताना ओशाळवाणे वाटत असेल, तर त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे. आजीच्या तोंडचे क्रियापद हे तिच्या पेटीतील दागिन्याइतकेच मोलाचे असते. शिवाय दागिना विकता येतो. क्रियापद विसरले, की ते परत विकत घेता येत नाही.

क्रियापदांचे हे मोल ज्यांनी ओळखले, त्यांत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव अग्रभागी आहे. १८६३ साली जन्मलेल्या या विद्वानाने गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली जुनी दप्तरे धुंडाळून, मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली आणि खंडामागून खंड प्रसिद्ध केले. परंतु त्यांचा शोध कागदांपाशी थांबला नाही. कागद जळतो, त्याला वाळवी लागते. पण लोकांच्या तोंडचा शब्द पिढ्यान्पिढ्या चालत राहतो आणि त्याच्या अंगावर इतिहासाच्या खुणा असतात, हे त्यांनी जाणले होते. ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले. मराठी क्रियापदांचे धातू गोळा करून त्यांच्या मुळाचा माग काढण्याचे प्रचंड काम त्यांनी अंगावर घेतले. १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे लोकांनी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभारले, आणि १९३७ साली त्यांचा मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. मराठी क्रियापदांचा एवढा मोठा संग्रह खानदेशच्या भूमीतून बाहेर पडला, ही गोष्ट खानदेशातील मुलांना अभिमानास्पद वाटावी.

धातूचा माग काढणे म्हणजे काय, हे ‘नेसणे’ याच शब्दावरून कळेल. संस्कृतात ‘वस्’ या धातूचा एक अर्थ वस्त्र परिधान करणे असा आहे. ‘वस्त्र’ आणि ‘वसन’ हे शब्द त्याच कुळातील. त्याच धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून, पुढे प्राकृतांच्या तोंडी झिजत झिजत ‘नेसणे’ झाले. ‘पांघरणे’ याच्या मुळाशी ‘प्रावरण’ आहे, आणि ‘माळणे’ याच्या मुळाशी ‘माला’. सकाळी साडी नेसणारी खेड्यातील माउली हजारो वर्षांचा एक शब्द सहज उच्चारते आणि कामाला लागते.

अजिंठ्याच्या चित्रांशी जपानी माणसांचा संबंध नुसता पाहण्याचा राहिलेला नाही. अराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे आले. पुढे १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अजिंठ्यात राहून, गुहांच्या अंधुक उजेडात भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. टोकियोत नेऊन ठेवलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या महाभूकंपात नष्ट झाल्या. इतक्या परिश्रमांचे असे व्हावे, हे वाचून मन विषण्ण होते. तरीही ते परिश्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. ज्यांनी एकेक रेषा डोळ्यांत साठवून पुन्हा कागदावर काढली, त्यांनी ती चित्रे खऱ्या अर्थाने पाहिली होती.

भाषांतर करणारा मनुष्यही असाच एक प्रतिकृतिकार होय. त्याच्या हाती रंग नसतात, शब्द असतात. आणि चित्रात जी योग्यता रेषेची, तीच वाक्यात क्रियापदाची. रेषा जाड पडली की चेहऱ्यावरचा भाव जातो, क्रियापद ढोबळ पडले की अर्थाचा तजेला जातो. म्हणून जो दुसऱ्याची भाषा शिकू इच्छितो, त्याने प्रथम आपल्या घरातील शब्दांचा हिशेब घ्यावा. आई काय नेसते, काय माळते, आजोबा काय बांधतात, थंडीत काय पांघरतात, हे कान देऊन ऐकावे आणि वहीत टिपून ठेवावे. त्या वहीतील प्रत्येक क्रियापद हे बापजाद्यांनी आपल्यासाठी घडवून ठेवलेले लेणे आहे. हे लेणे असे की, ते पेटीत जपून ठेवले तर झिजते आणि रोज वापरले तर उजळते.